आकाशपाळण्याची दांडी

रविवार, नांदेड

अजून अंगात तो पाळणा फिरतोच हाय.

माझी जाऊ सुनंदा किल्लारीहून आली, म्हणून आज दोघी मेळ्यात गेलो. ती म्हणाली, "वहिनी, आकाशपाळण्यात बसू." मी न्हाईच म्हणत होते. मागं लातूरच्या पार्कात पाळण्याचा पट्टा माझ्या पोटाला पुरला न्हाई, तेव्हा सगळ्यांदेखत मला उतरवलं होतं. इथंही समोरची आडवी दांडी पोटाला अडली. मी उतरायला उठले.

पाळणा चालवणाऱ्या बाईनं हाताला धरलं. "उतरता कशाला? त्या लाल पाळण्यात बसा, त्याची दांडी पुढं सरकती."

दांडी खट्कन बसली. किती साधी गोष्ट! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं खालीच उभी राहिले का?

मग वर गेलो. पार टोकाला पाळणा थांबला. खाली मावळतीची गोदावरी, अख्खी, वळणासकट. याच गावात जन्म गेला, पण ती एवढी लांबरुंद हाय हे मला ठाऊकच नव्हतं. सुनंदा डोळे मिटून किंचाळत होती. मला श्वास घ्यायचंही सुचेना. खालची माणसं तिळाएवढी. म्हणजे त्यांना मीही तेवढीच दिसत असणार!

खाली आल्यावर सुनंदा थरथरत उतरली. मी उतरलेच न्हाई.

"अजून एकदा," म्हणाले.