भट्टीला दोनदा दम

नांदेड, दि. १ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. सिंधु हिस,
निवृत्तीदादाचा जय भीम व अनेक आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लातूर जिल्हा झाला, जावईबापूंना नव्या कचेरीत शिपायाची जागा मिळाली, आणि आता नव्या विश्रामगृहाचं स्वयंपाकघर तुझ्या हाती यायची वेळ आली. सगळं एकाच सालात आलं, फक्त पाऊस तेवढा आला नाही. सोमवारी आठ तारखेला संध्याकाळी कचेरीचे नाझर साहेब बारा पानं जेवू घालायला सांगतात, आणि त्या एका जेवणावर सगळं ठरणार, हे वाचून मलाच घाम फुटला. साहेब लोक बौद्धाच्या चुलीवरचं मटण खाणार नाहीत, असं बाजारातला हॉटेलवाला म्हणतो म्हणे. म्हणू दे त्याला.

तुमच्याकडं टँकर चार दिवसांनी येतो, तेव्हा रश्श्याचा नाद सोड. मटणाचे चपटे काप, पसंदे, भाज. निलंग्याच्या गुरुबसप्पा कुंभाराला मी आमच्या क्लबाच्या स्वयंपाकघरातल्या मातीच्या भट्टीचं माप दिलं होतं. जाड भिंतीची, खाली हवेची खिडकी, वर भोक असलेलं जड झाकण. माती मळायला पाणी नाही म्हणून त्यानं दोन महिने लावले, पण रविवारी ती तुझ्या दारात येईल.

कोळसा बाभळीचा घे. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की जाळीवर पसंदे मांड, झाकण लाव, अर्धा तास मंद होऊ दे. मग झाकण काढून खालची खिडकी सताड उघड आणि बिडाचा तवा धूर येईतो तापव. मटण फडक्यानं कोरडं पूस, ओलं मटण उकडतं, भाजत नाही. तव्यावर टाकलं की हात लावू नकोस. खरपूस झालं की ते आपणहून तवा सोडतं. तोवर ओढाओढ केलीस तर साल तव्याला आणि तू रडायला. एकदाच उलट, तेही चिमट्यानं.

आणि झाकण काढण्याआधी भट्टीला दोनदा दम दे. मला भट्टी शिकवणाऱ्या उस्तादांचा हुकूम आहे, विसरू नकोस.

तुझ्या सासूबाई धुरपताबाईंना जय भीम. कळावे, मायेत खंड नसावा.

तुझा,
निवृत्ती


लातूर, दि. ५ नोव्हेंबर १९८२

ती. दादांस,
सिंधुचा सा. जय भीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. एवढं तर मी शाळेचं पुस्तकही वाचलं नव्हतं. तुम्ही रागावाल, पण तुमचं अक्षर कोळशानं काढल्यासारखंच आहे.

इथं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रोज लागतात आणि पाण्याच्या घागरींची रांग त्या पाट्यांखालून जाते. विश्रामगृहाच्या हौदात तळाला वीतभर गाळ आहे. परीक्षेसाठी नाझर साहेबांनी दोन घागरी देऊ केल्यात, त्या पिण्यातच जातील. म्हणून तुमचे पसंदे ऐकून जीव भांड्यात पडला.

दमाचं मला आधी कळेना. आत्याबाईंनी सोडवलं. त्या लहानपणी उदगीरला खानसाहेबांच्या वाड्यावर कामाला होत्या, तिथं बिर्याणीला दम देताना झाकणाला कणीक लावत. त्या म्हणाल्या, दोनदा दम म्हंजी कणकीचे दोन थर, न्हाईतर वाफ पळून जाते. तर मी झाकणाला दोन थर लावणार आहे आणि खालची खिडकी, वरचं भोक चिखलानं गच्च लिंपणार आहे. शिवाय नाझर साहेबांची हौस अशी, की सगळ्या साहेबांना भट्टीभोवती उभं करून झाकण एकदम उघडायचं, म्हणजे वास अंगावर आला पाहिजे. मी हो म्हटलंय.

आधी एकदा करून बघितलं असतं, पण भट्टीच रविवारी येणार. रात्री डोळा लागत नाही. हे घर आता माझ्या पदरावर उभं राहील की नाही, ते सोमवारी कळेल. तुमच्या भरवशावर आहे.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमची,
सिंधु


नांदेड, सोमवार दि. ८, सकाळचे अकरा

सिंधु,

मायना लिहायला वेळ नाही. तुझं पत्र आत्ता मिळालं. कणीक लावू नकोस! भोकं लिंपू नकोस! मी तार केली आहे, पण तारबाबू म्हणतो लातूरची लाइन तुंबली आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल की नाही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र साडेअकराच्या गाडीच्या सटवाजी ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो लोहा गावचा, माझ्या ओळखीचा.

दम म्हणजे श्वास, बाई. भट्टीला श्वास घेऊ दे, एवढंच माझं म्हणणं. हवा कोंडलेल्या निखाऱ्याचं झाकण एकदम उघडलं की आग तोंडावर येते. लावलीच असशील कणीक, तर सगळ्यांना दहा पावलं मागं घाल. बाजूला उभी राहा. आधी खालची खिडकी जराशी मोकळी कर. मग लांब आकडीनं झाकण बोटभर उचल आणि टेकव. थांब. पुन्हा उचल, टेकव. मगच काढ. वाकून बघू नकोस, काही झालं तरी.

हे मी साध्या शब्दांत आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग मला कसं माहीत ते सांगावं लागलं असतं. माझ्या डाव्या डोळ्यात फूल पडलं असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. फूलबिल काही नव्हतं. नवा होतो, घाई होती, झाकण उघडून आत वाकलो. मोठा खानसामा म्हणून गावात मिरवत होतो, लाज वाटली, म्हणून एकवीस वर्षं खोटं बोललो. आता त्या खोट्यापायी तुझे डोळे जातील, म्हणून आज खरं लिहितो आहे.

गाडी सुटते.

दादा


लातूर, दि. ९ नोव्हेंबर १९८२

ती. दादांस,
सा. जय भीम. आधी हे वाचा: मी धड आहे, दोन्ही डोळ्यांनी बघून लिहिते आहे.

तार आज सकाळी आली. गाडी लोह्याच्या पुढं पंक्चर झाली, म्हणून सटवाजी सहाला पोचले. तेव्हा कणीक लावून अर्धा तास झाला होता. बारा साहेब गोल करून उभे, नाझर साहेब घड्याळ दाखवत होते, आणि माझे दोन्ही हात झाकणाच्या कडीवर. आत्याबाईंनी पाकीट आणलं, तर मी त्यांच्यावरच खेकसले, की नंतर वाचीन. मग सटवाजी फाटकातूनच ओरडले, की वाच गं बाई, तुझा भाऊ स्टँडवर रडून राहिला होता.

दादा, तुम्हाला मी आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नाही. कडी सोडली.

साहेबांना मागं घालताना नाझर साहेब चिडले. तमाशा लावलाय का, असंही म्हणाले. मी ऐकलं नाही. खिडकी मोकळी केली, आकडीनं झाकण बोटभर उचललं, तशी बाजूनं जी ज्वाळा निघाली ती पडवीच्या पत्र्याला टेकली. माझ्या भुवया गेल्या आणि मनगटाला फोड आलेत. कुणी पुढं उभं असतं तर काय झालं असतं, ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर नाझर साहेब भिंतीला पाठ लावून उभे होते. आत्याबाई काल रात्री जेवल्या नाहीत, कणकीचं मीच सांगितलं म्हणून कपाळ बडवतात. मी त्यांना म्हटलं, चूक शब्दाची होती.

काही पसंदे एका अंगानं करपले. उरलेले तव्यावर तुम्ही सांगितलं तसे टाकले आणि हात बांधून उभी राहिले. त्यांनी आपणहून तवा सोडला. साहेबांनी खाल्ले, बाराच्या बारा जणांनी, दोघांनी मागून घेतले. स्वयंपाकघर एक तारखेपासून माझं.

एवढं होऊनही रात्रभर मला तुमचाच राग आला. एकवीस वर्षं मी तुमच्या डोळ्याला फूल म्हणत आले, पोरांनाही तेच सांगितलं. आता पुढच्या पत्रात भट्टी नको, मटण नको. डोळा दुखतो का, तेवढंच लिहा, आणि खरं लिहा.

कळावे, बहिणीपासून काही झाकू नये.

तुमची,
सिंधु


नांदेड, दि. १२ नोव्हेंबर १९८२ (पोस्टकार्ड)

चि. सौ. सिंधु हिस अ. आ.

भुवया दोन महिन्यांत येतात. मनगटाला खोबरेल लाव. धुरपताबाईंना सांग, दोष माझा, त्यांनी जेवावं.

दुखतो. आभाळ भरून आलं की डोळा ठणकतो, पार कपाळापर्यंत. यंदा एकदाही ठणकला नाही. रोज सकाळी उठून वाट बघतो, सिंधु, ठणकू दे म्हणतो.

दादा