धाकटीच्या दालनाला द्यावयाची माझी कागदपत्रे

मी, खाली सही करणारी, महिला मंडळाची माजी चिटणीस, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जीभ तिखट आहे. तिला दाखला लागत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीस मिळावी. माझी आजारपणे तिनेच काढली. हुबेहूब आईसारखी दिसते, हा काही तिचा दोष नव्हे.

२. शिलाई यंत्र शेजारच्या शिंपिणीला द्यावे. मंडळाच्या खजिनदारीणबाईंना काहीही देऊ नये. माझ्या निरोपसमारंभात त्या पाऊण तास धाकटीचेच गुणगान गात होत्या.

३. मताधिकार चळवळीची माझी सर्व कागदपत्रे ग्रंथालयास द्यावीत. ग्रंथपाल घरी येऊन म्हणाले, "धाकट्या बाईंच्या नावाचं दालन करतोय. त्यांचं काही आहे का तुमच्याकडे?"

"आणि माझं?"

"तुमचं नाव येईल की, आभारात!"

सह्यांसाठी गल्ल्या मी पालथ्या घातल्या. दारे माझ्या तोंडावर आपटली. नगरभवनाच्या पायऱ्यांवर भाषणही मीच करायचे होते. पण आदल्या दिवशी पत्रके वाटताना पोलिसांनी मला धरले आणि धाकटी माझ्या जागी उभी राहिली. सुटून आले तो गावभर तिचा उदोउदो. म्हणाली, "ताई, तुझंच भाषण वाचायला घेतलं होतं गं. पण समोर बायका पाहिल्या आणि मनातलंच बोलत सुटले." नंतर तिने ते लिहून माझ्याकडे दिले. माझ्यापेक्षा सरस होते. तेच मला सोसले नाही.

पहिल्या मतदानाला लोक तिला रांगेत पुढे बोलावत होते. ती जागची हलली नाही. "आधी ताई," म्हणाली. मत मी आधी दिले, आणि मोठेपणा पुन्हा तिच्याच पदरात पडला.

४. दालनाला तिचेच नाव राहू द्यावे. आभारात माझे नाव नको. अट एकच : माझे न झालेले भाषण तिच्या भाषणाशेजारी ठेवावे. लोक तिचेच उचलून धरतील, हे जाणून लिहिते आहे. तरी शेजारीच ठेवावे. ती होती तोवर मी तिच्याशेजारी कधी धड बसले नाही.

साक्षीदार : १. आमचे डॉक्टर (सही) २. कोपऱ्यावरचे वकील (सही)
स्थळ : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : निवडणुकीचा आदला दिवस
लिहून देणार : चिटणीसबाई (सही)