शेवटच्या रांगेतली मिरची

३ जाने.
रोपं लावून झाली. सगळी. सासूबाईंनी राखलेल्या बियाच्या मडक्यात ओल शिरली, म्हणून उरलंसुरलं सगळं पेरून टाकलं. घरात आता एक दाणा नाही. ही झाडं गेली तर आमची हरमलची मिरची संपली.

५ जाने.
लेक रेश्मा आली, शेतकी कॉलेजातून. पांढरी पूड आणलीय. बाजारात सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलून टाकतात ना, त्या सालपटांपासून काढलेली. व्हिनेगरात विरघळवायची, मग पाणी घालून फवारायची. "आई, ह्यां रोगाक मारणा नाय. झाडाकच घट्ट करता. रोग येवच्या आधी मारूक होयां."
शेवटच्या रांगेला मात्र मारायचं नाही म्हणे. फरक कळायला. चाळीस झाडं! मी हो म्हटलं. बाकीच्या रांगांना तिने लगेच मारलं.

७ जाने.
खालच्या वाड्यावर मर रोग आला. सकाळी ताठ उभं झाड, दुपारी मान टाकलेली.

८ जाने.
रेश्मा झोपलेली. पंप पाठीवर घेतला नि शेवटच्या रांगेलाही मारून आले. चाळीस झाडं काय मरायला ठेवायची? मेलं ते कॉलेज.

१८ जाने.
दुसरी फवारणी. ती हॉस्टेलवर, पंप माझ्या हातात. परत तेच केलं. फोनवर म्हटलं, तू सांगितलंस तस्संच.

२७ जाने.
रेश्मा आली, रांगा बघितल्या. सगळ्या हिरव्यागार, शेवटचीसुद्धा.
शेजारची सुमन वयनी पंप नि औषध मागायला आलेली. रेश्मा तिला म्हणाली, "काकी, न मारलेली रांगपण तशीच हिरवी आसा. औषधान काय फरक पडूक नाय. उगीच त्रास घेव नको." वयनी रिकाम्या हाताने गेली. मी तिथेच, बांधावर. तोंड उघडलं नाही. लेकीसमोर खोटी पडेन म्हणून! शरम वाटते माझी मला.

२८ जाने.
आज सांगणारच होते. तिची बस आली. राहिलं.

३१ जाने.
वयनीच्या मळ्यात मर. दोन रांगा गेल्या.
पंप घेऊन धावत गेले. वयनी म्हणाली, "आता कित्याक? तुझ्याच चेडवान नको म्हणान सांगल्यान ना?"
म्हटलं, वयनी, तिका ठावक नाय. मी शेवटच्या रांगेकपण मारलंय, चोरून, दोनदा... सगळं सांगितलं.
वयनी वाकून मेलेली झाडं उपटत होती. उपटतच राहिली. मग माझ्या खांद्यावरचा पंप काढून घेतला नि स्वतःच्या पाठीवर चढवला.
"उरलेली जगली तर बोलीन तुझ्याकडे."

२ फेब्रु.
रेश्माला फोन केला. सगळं कबूल केलं. तिने एवढंच विचारलं, "काकीची किती उरली?"
कुंपणाजवळ गेले, मोजायला. वयनीने बघितलं नि पाठ फिरवली. पाच रांगा उभ्या आहेत अजून. पाचवीतलं एक झाड मला कललेलं वाटलं. ऊन होतं, नीट दिसलं नाही.