पोत्यावरची जाड अक्षरं

२७ सप्टेंबर, शनिवार

निकिता आली नागपूरहून! माही नात चहा सोडून पोत्याईकडंच पाहून राह्यली. "आजी, हे कोनी छापलं वं?" म्हटलं, मीच. दुसरं कोन? तिनं वीसेक फोटो काढले. कॉलेजात तिले पुरी बाराखडी बनवून कम्प्युटरात घाला लागते. बाकीच्याईची साफसुतरी, तिले पोत्यावरच्यासारखी पाहिजे — जाड, मधीमधी शाई सुटलेली, जुन्या पोस्टरासारखी. घ्या! तीस वर्षं कोनी विचारलं नाही.

२८ सप्टेंबर

कारंजाच्या बाजारात आमचे धान्याचे कट्टे दुसऱ्याच्या ढिगात गेले होते, तवा म्या रबराचे छापे कोरले. काजळी, करडीचं तेल, अन् दाबला हात. मालकाचं, म्हंजे निकिताच्या आज्याचं, नाव तोंडानं कधी घेतलं नाही, रबरात मात्र गावासकट कोरलं — इंद्रभान, किन्हीराजा. अक्षर उलटं कोरा लागते, तवा पोत्यावर सुलटं उमटते. माही शाळा तिसरीत सुटली, पन हे मले कोनी शिकवलं नाही!

निकितानं आज 'ग' सुलटाच कोरला. हासून हासून पोट दुखलं. "कॉलेजात जाते ना वं तू?"

"कम्प्युटर फिरवते त्याले, आजी!"

२९ सप्टेंबर

नावागावापुरतीच अक्षरं हायेत, बाकी कोराची. पुढच्या सोमवारी कॉलेजात द्या लागते. निकितानं नवं रबर आनलं, पन अक्षर कसं गुळगुळीत येते, जसं तोंड धुऊन बसलं. "तुह्यं रबर कायचं होतं? मले लिहून द्या लागते."

म्हटलं, टायरचं.

खोटं बोलली. ते मालकाच्या जुन्या चपलेचं हाय! एक कापली अन् सांगतलं, कुत्र्यानं नेली. धान्याच्या पोत्याले चप्पल लावली, सासू असती तर घरात घेतलं नसतं. अन् हे मालक? दर दसऱ्याले औजारासंगं त्या छाप्याईले हळदकुंकू लावून पाया पडते!

३० सप्टेंबर

टायर कोरून पाह्यलं. दगड! सुरी वाकली. निकिता म्हने, "हे ते नाही, आजी." हुशार हाय. माह्यावर गेली.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा मांडली. विळे, वखर, मधी छापे. हे वाकले अन् माह्या तोंडून निंघालंच — थांबा! सारं सांगून टाकलं. सून वर्षाराणी ताट धरून उभीच. निकितानं तोंडावर ओढनी घेतली, हसू दाबाले.

"माही चप्पल?"

"हो."

"कुत्र्यानं नेली म्हनली होती तू."

"हो."

उठून गेले. सोनं द्यालेही आले नाही.

जाऊ दे. पोरीच्या कागदावर खोटं जाऊ देनार नाही मी. अन् अक्षरं माही हायेत, चांगली हायेत. मले काहून लाज?

३ ऑक्टोबर

मालकाचा राग गेला नाही. भाकरी मात्र एक जास्त खाल्ली. निकिताची अर्धी बाराखडी बाकीच. जुन्या चपलेचा एकही तुकडा उरला नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी हे माह्यासमोर आले, पायातली चप्पल काढून ठेवली. "डावी घे. जास्त झिजली हाय." अन् एकाच चपलेवर वावरात गेले!