अडथळा असल्यास कळवावे

२ जानेवारी, शुक्रवार
लेकीचं लग्न चोवीस तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता, आपल्या पॅरिश चर्चमध्ये. आजपासून समारंभाची सूत्रं माझ्या हातात. बायकोला तसं सांगितलं. ती मटार सोलत राहिली. म्हणजे मान्य.
फॅक्टरीत एकतीस वर्षं मालाची तपासणी केली. एक सदोष पीस गेटबाहेर जाऊ दिला नाही. लग्न म्हणजे तरी काय, एक ऑर्डरच. नवी फाइल उघडली.
संकल्प दोन. चिडायचं नाही. रडायचं नाही. लेकीला वेदीपर्यंत नेणारा बापच रडायला लागला तर फोटो खराब येतात.

३ जानेवारी
चर्च मोजून आलो. दारापासून वेदीपर्यंत माझी शेहेचाळीस पावलं. घरी पॅसेजमध्ये सराव. पॅसेज नऊ पावलांचा, म्हणजे पाच फेऱ्या आणि वर एक पाऊल. बायकोला नवरी केलं. तिसऱ्या फेरीत नवरी कुकर बंद करायला गेली ती आलीच नाही.

४ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपताना फादरनी वधूवरांची नावं वाचली. लग्नाआधी तीन रविवार अशी वाचतात. या विवाहाला कुणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने कळवावं. जन्मभर हे वाक्य ऐकत आलो, आज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. लोकांना जबाबदारीची जाणीवच उरलेली नाही.

६ जानेवारी
होणारा जावई जेवायला आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. मुलगा चांगला आहे, माझं काही म्हणणंच नाही. पण सूप संपायच्या आत फोन आला. कुठल्याशा इमारतीत एक बाई अडकल्या होत्या. हा ताटावरून उठून गेला. लेक म्हणाली, पप्पा, बाई लिफ्टमध्ये होत्या. मी म्हटलं, मी कुठे काय बोललो?

९ जानेवारी, पहाटे
फादरना पत्र लिहिलं. बाप म्हणून नाही हं, पॅरिशचा एक जबाबदार माणूस म्हणून. फक्त निरीक्षणं, एकूण सात. क्र. १, पाय घासत चालतो. क्र. २, मला अंकल म्हणतो. क्र. ४, फोन आला की ताटावरून उठतो. क्र. ७, त्याच्यासमोर लेक फार हसते, घरी इतकी हसत नाही.
नियमाप्रमाणे कॉपी फाइलला लावली.

११ जानेवारी, रविवार
नावं दुसऱ्यांदा वाचली. वाचताना फादर माझ्याकडेच बघत होते. नंतर ऑफिसात बोलावलं. म्हणाले, अडथळा म्हणजे आधीचं लग्न, जवळचं रक्ताचं नातं, नाहीतर जबरदस्ती. लेकीवर जबरदस्ती आहे का? मी म्हटलं, छे हो, उलट तीच कुणाचं ऐकत नाही. त्यांनी पत्र परत दिलं. म्हणाले, सातवा मुद्दा वाचून वाईट वाटलं. मी म्हटलं, बघा, म्हणजे मुद्दा गंभीर आहे.

१४ जानेवारी
लेक पाहुण्यांची यादी शोधायला माझी फाइल चाळत होती. कॉपी सापडली.
आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. सातही मुद्दे उभ्याने वाचले, कागद होता तसा फाइलला लावला आणि म्हणाली, चर्चमध्ये मी आईबरोबर चालेन. पप्पांनी पहिल्या बाकावर बसावं. तपासणी तिथून चांगली होईल.
तात्पुरता राग आहे. उद्या ओसरेल.

१५ जानेवारी
ओसरला नाही.

१८ जानेवारी, रविवार
तिसरी वेळ. फादर 'अडथळा' म्हणाले आणि बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. मी उठणार नव्हतोच.

२१ जानेवारी
लेकीला सॉरी म्हणायचं ठरवलं. मसुदा तयार, तीन पानी. बायकोने वाचला. म्हणाली, अहो, यातली अडीच पानं तिचं कुठे चुकलं तेच सांगतायत. संक्षेप करायला घेतला आहे.

२३ जानेवारी
चर्चमध्ये रंगीत तालीम. मी पहिल्या बाकावर. लेक आणि तिची आई चालत आल्या. बायकोची बावन्न पावलं झाली. पॅसेजमध्ये आम्ही जमवलेली चाल ती साफ विसरली होती. कुणाला सांगणार? कुणी विचारलंच नाही.
सॉरी आता अर्ध्या पानावर आलं आहे. खिशात ठेवलं आहे.

२४ जानेवारी, शनिवार, दुपारी २.५०
हे लिफ्टमध्ये लिहितो आहे, मोबाइलच्या उजेडात.
चर्चमागच्या हॉलची शेवटची तपासणी करायला आलो. हॉल दुसऱ्या मजल्यावर, पाहुणे लिफ्टने वर जाणार. वजन पेलेल की नाही हे कुणीतरी बघायला नको? म्हणून दोन उड्या मारल्या. पहिलीला काही झालं नाही. दुसरीला लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबली आणि दिवा गेला.
वॉचमनला फोन केला. म्हणाला, लिफ्टवाला आज रजेवर आहे. त्याचं लग्न आहे.

३.१५
बायकोला फोन केला. एवढंच म्हणाली, उडी मारलीत ना?

३.४०
वरून कुणीतरी पाय घासत येतंय. इतका बरा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. म्हणतोय, अंकल, भिंतीला टेकून उभे राहा.

२५ जानेवारी, रविवार
कालचा अहवाल.
जावयाने मला काखेत हात घालून वर ओढलं. त्याच्या पांढऱ्या बाहीला ग्रीस लागलं. कसं झालं, विचारत होता. आपोआप, म्हटलं. मग लिफ्ट तात्पुरती चालू करून तो वेदीकडे धावला.
चार वाजून वीस मिनिटं. लेक चर्चच्या दारात तशीच उभी. ऑर्गनवाल्याने तीच धून चौथ्यांदा सुरू केली होती. बायको म्हणाली, पप्पा आल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणून अडून बसली आहे. मी खिशातला अर्धा कागद काढला. लेक म्हणाली, नंतर वाचते, आधी चला. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला मी. रस्ता दोघांपुरता, त्यामुळे माझा गुडघा प्रत्येक बाकाला लागला. पावलं मोजायची राहून गेली. मी रडलो नाही. बायको म्हणते, पाचव्या बाकापासून रडत होतात. बायकोचं मोजमाप कच्चं आहे, हे तालमीत दिसलंच.
रात्रीचं जेवण सुरू झालं. जावयाने सुपाचा चमचा उचलला आणि फोन वाजला. तीच लिफ्ट. गायनमंडळाच्या बाई अडकल्या होत्या. जावई ताटावरून उठला. लेक मोठ्याने हसली, माझ्याकडे बघून.
मीही उठलो. म्हटलं, उजेड लागेल. त्याने पॅनल उघडलं, मी शेजारी टॉर्च धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तो मान न वळवता म्हणाला, पप्पा, टॉर्च हलतोय.
दोन्ही हातांनी धरला. तरी हलत होता.