आई, तू खो-खो खेळायचीस

आई, आज सकाळी सोसायटीच्या लॉनवर मी एका गृहस्थांवर इतकी ओरडले की वरच्या बाल्कन्यांत लोक येऊन उभे राहिले. त्यातला अर्धा राग त्यांच्यावर होता, अर्धा तुझ्यावरचा. तुझ्यावरचा तर कधीचा पडूनच आहे.

मी सातवीत गेले तो उन्हाळा आठव. दिल्लीतलं, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर. ऊन उतरलं की पोरं मैदानात जमायची. दादा चप्पल अडकवून पळाला, त्याच्यामागे मी. आणि दारातच तू माझा दंड धरलास. "तू कुठे? पुरे झालं आता हुंदडणं. कैऱ्या किसायच्यात." मी म्हटलं, "दादा मग कसा जातो?" "तो मुलगा आहे," तू म्हणालीस, वर न बघता. बाबा पेपर वाचत होते, वाचतच राहिले. तो सगळा उन्हाळा मी कूलरच्या घरघरीतून बाहेरचा आरडाओरडा ऐकत काढला, आणि पुढचे सगळे उन्हाळेही. स्वतःची समजूत घालायचे, आईला बिचारीला पळण्यातली मजा कुठे ठाऊक असणार?

तुझ्या तेराव्याला मावशी भाजी चिरत सहज बोलून गेली, "तुझी आई म्हणजे आमच्या शाळेच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ पोरगी. खांबाशी असा सूर मारायची! कोपरावरचा तो व्रण त्यातलाच." आम्हाला तू तो तेलाने भाजल्याचा डाग म्हणून सांगितला होतास. मी विचारलं, मग खेळ सुटला कसा? मावशी म्हणाली, "लग्न ठरलं, आणि बंद झालं. तिला कोण विचारतंय?"

माहीत नसणाऱ्या बाईला मी केव्हाच माफ केलं असतं, आई. पण तुला ठाऊक होतं. दम लागेपर्यंत पळाल्यावर अंगात काय होतं ते तुला ठाऊक होतं, ते हिसकावून घेतल्यावर काय होतं तेही. तरी तू माझा दंड धरलास.

आता माझी लेक सातवीत गेलीय. गुरुग्राममध्ये सतराव्या मजल्यावर राहतो आम्ही. शाळेला सुट्टी, बाहेर लूच्या झळा, आणि ही दिवसभर सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळणार. "मम्मा, बाहर आग आहे यार." मागच्या आठवड्यात लिफ्ट बंद होती, तर चौथ्याच मजल्यावर धापा टाकत बसली. मीही तिच्याशेजारी बसले, कारण माझीही तीच गत. दुसऱ्या दिवसापासून ऊन चढायच्या आत तिला आणि तिच्या मैत्रिणींना लॉनवर आणायला लागले. म्हटलं, उकिडव्या बसा. लेक विचारते, "उकिडवं म्हणजे?" बसून दाखवलं, गुडघे कडाकडा वाजले, पोरी खिदळल्या. चार दिवसांत त्या अशा काही पळायला लागल्या की बघत राहावं.

आज कमिटीतले ते गृहस्थ आले. "मैडम, लॉन ख़राब हो रहा है." तेवढं मी ऐकून घेतलं असतं. मग म्हणाले, "और लड़कियाँ इतना चिल्लाती हैं, अच्छा लगता है क्या?" मी ओरडलेच, "अंकल, घास दोबारा लग जाएगी. और ये चिल्लाएँगी. रोज़ चिल्लाएँगी!" ते कमिटीत तक्रार करायची धमकी देऊन गेले. करतीलही. उद्या कदाचित बोर्ड लागेल, मग त्यांच्याशी पुन्हा भांडेन. पोरी रांगेत उकिडव्याच होत्या, माझ्याकडे बघत. मग लेकीने पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि जीव खाऊन ओरडली, "खो!"

परतताना लिफ्टमध्ये तिच्या मैत्रिणीने विचारलं, "आंटी, आपको ये किसने सिखाया?" मी सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेय, आई. तू मला एक खोसुद्धा कधी दिला नाहीस. राग अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण लेक माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हणाले, "मेरी माँ ने."