आईच्या दोन प्रती

प्रिय चिमणे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी वाच.

आपल्या दादाच्या आजारासाठी मी केलेल्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला हे आईने साऱ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय. त्यावर तू म्हणालीस म्हणे, ताई सुटली म्हणजे मीही सुटले, आता निवांत बाळाची तयारी करते. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढी हुशार तू, पण सोयीचं तेवढंच बरं ऐकू येतं तुला.

प्रयोगशाळेत दिवसभर मी हेच बघते. जनुक म्हणजे लांबलचक मजकूर, त्यात कामाचे तुकडे मधेमधे विखुरलेले. पेशी त्याची नक्कल काढते, मधला बिनकामाचा भाग कापते, कामाचे तुकडे ओळीने जोडते आणि ते वाचून प्रथिन बनवते. दादाच्या जनुकात असा एक तुकडाच नव्हता. विणताना टाके सुटले की पुढची सगळी नक्षी सरकते, तसं पुढचं सगळं चुकीचं वाचलं गेलं. स्नायूंना टिकवणारं प्रथिन बनलंच नाही. जमिनीवरून उठताना तो गुडघ्यांवर हात रेटायचा आणि आपण त्याला आजोबा म्हणून चिडवायचो, आठवतं? पुढे तो खुर्चीत बसला तो बसलाच. त्याला उचलून उचलून आईची कंबर गेली, पण त्याच्यासमोर तिने कधी हूं की चूं केलं नाही.

आईकडे त्या जनुकाच्या दोन प्रती आहेत. एक धड, एक तुकडा नसलेली. मला धड मिळाली, एवढंच माझा रिपोर्ट सांगतो. तुला कोणती मिळाली, हे त्यात कुठेही नाही. तुझ्याकडे बाबांची धड प्रत आहे, त्यामुळे तुला स्वतःला काही जाणवणार नाही. पण मुलग्यांना हे जनुक बापाकडून मिळत नाही; मुलगा झाला तर त्याला तुझ्याकडची एकच मिळणार, सावरून घ्यायला दुसरी नसणार.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आनंद झालाच नाही. वाटलं, चांगली प्रत मी आधी उचलली आणि वाईट तुझ्यासाठी ठेवली. असं नसतं, हे मी रोज लोकांना समजावते, तरी वाटलं. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी तुझी वेळ ठेवली आहे. पोटातलं बाळ वाढतंय, आणखी थांबलीस तर तुझ्या हातात ठरवण्यासारखं काही राहणार नाही. तुझं रक्त मी तपासणार नाही, असं साहेबांना सांगून आले आहे. मी बाहेर बाकावर तुझ्या शेजारी बसेन. तू फक्त ये.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई